जर्मन संस्थेची काटेवाडीतली सभासद

शंभूराजला नाही म्हणता येत नसे. सरपंचकीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलनी त्याला आपला धरला होता, आणि निकालानंतर दोन्हीकडची माणसं त्याचे आभार मानून गेली. एकाच मुहूर्तावर बारामतीत चुलतभावाचं आणि इंदापुरात मेहुण्याचं लग्न निघालं, तेव्हा हा गडी इकडं अक्षता टाकून मोटारसायकलवर तिकडं पळाला. पोचला तो भांडी घासायच्या वेळेला, आणि तरी दोन्हीकडं जेवला. काटेवाडीत त्याचं कुणाशी म्हणून वाकडं नव्हतं.

बारामतीत त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. साल अठ्ठ्याण्णव. संध्याकाळी पोरं गेली की तो पुण्याला फोन लावून इंटरनेट जोडायचा. त्या तारेवर त्याला चार परदेशी मित्र मिळाले होते, एकाचंही तोंड कधी पाहिलेलं नव्हतं. पाचांनी मिळून जगातल्या कुठल्याही लिपीतली अक्षरं छापणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो सगळ्यांना फुकट, आणि आतली घडणही उघडी. ज्याला पाहिजे त्यानं न्यावी, बदलावी, वाटावी. लोक खूश होऊन देणग्या पाठवू का म्हणू लागले, आणि त्या घ्यायच्या कुणाच्या नावावर, हा प्रश्न आला. संस्था काढायला हवी. संस्था म्हटली की तिला एक देश हवा, ज्याचा कायदा तिला लागू होईल.

इथं गाडं अडलं. त्या चौघांतला क्लाउस म्हणे जर्मनी, नेड म्हणे अमेरिका. क्लाउसच्या मते अमेरिकेत कुणीही उठून कुणावरही दावा ठोकतो. नेडच्या मते जर्मनीत शिंकायलाही अर्ज करावा लागतो. उरलेले दोघं एकेका बाजूला गेले, बोलणी कडू व्हायला लागली, आणि पाचवं मत राहिलं शंभूराजचं. या माणसांनी त्याच्या इंग्रजीला कधी न हसता त्याला आपल्यात घेतलं होतं. आता त्यातला एक तुटणार आणि तोडणार आपण, या विचारानं त्याला जेवण जाईना.

सवयीप्रमाणे तो "बघू" म्हणाला. तेवढ्यात क्लाउसनं कळवलं की जर्मनीत नोंदणी करायची तर सात सभासद लागतील. शंभूराज हरखला. संस्थेला माणसं कमी पडली तर काय करायचं, हे बारामती तालुक्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. त्यानं ताबडतोब बायको राजनंदिनी आणि आई म्हाळसाबाई यांची नावं कळवून टाकली. आता दोघी मिळून काय ते ठरवतील आणि आपण सुटू, असा त्याचा हिशेब. क्लाउसचं उत्तर आलं: आनंद आहे, पण सभासद म्हणजे सभासद. दोघींना सगळं समजावून सांग आणि त्यांचं म्हणणं जसंच्या तसं आम्हाला कळव.

म्हाळसाबाईंचं लहानपण मेंढरांमागं गेलं होतं, पण आता त्या साखर कारखान्याच्या जुन्या सभासद होत्या, वार्षिक सभेला पुढच्या रांगेत बसणाऱ्या. गोठ्यातून हात धुऊन आल्या आणि पदर खोचून बसल्या.

"सभासदाला दिवाळीची साखर किती?"

"साखर न्हाय गं आये. हितं काय बी मिळत न्हाय. जे हाय ते समद्या जगाला फुकट हाय."

"सभासद न्हाय त्यालाबी?"

"त्यालाबी."

"मंग सभासद कशापायी व्हायचं?"

"राखायला," शंभूराज म्हणाला. "उद्या कुणी एकट्यानं माजं म्हनू नये म्हनून."

"गायरानावानी हाय म्हन की." म्हाळसाबाईंना ते पटलं. "मंग त्या दोघांची भांडनं लागल्यात तर आपल्याकडंच काढा की. माजं मत भारताला."

"माजंबी," राजनंदिनी आतून म्हणाली. "आत्याबाईंच्या इरुद्ध मत द्याया मी काय येडी हाय व्हय?"

म्हणजे तिन्ही देशांना दोन-दोन मतं झाली, आणि घोंगडं फिरून पुन्हा शंभूराजच्याच गळ्यात आलं. शिवाय आपल्या देशाचं नाव आपल्याला सुचलंही नव्हतं, याची त्याला लाज वाटली. खरं तर पहिल्या दिवसापासून त्याला क्लाउसचं पटत होतं. तिथल्या संस्थेत माणशी एक मत, कुणी पैसे ओतून मालक होऊ शकत नव्हता. फक्त बोलायची छाती नव्हती.

"आये, भारतात न्हाय जमायचं," तो म्हणाला. "भाईरच्या देनगीला दिल्लीची परवानगी लागती, अन् कारभार बघाया मी एकटा. माजं मत जर्मनीला."

म्हाळसाबाई पुढं सरसावल्या. "मला न्हाय म्हनतोस?"

"व्हय."

"बरं झालं. चाळिशीला आलास तवा का हुईना, कंठ फुटला. आता त्या नेडलाबी असंच सांग. आडून नगं, तोंडावर."

त्यानं तसंच लिहिलं. आईचं म्हणणंही लिहिलं, साखरेच्या प्रश्नासकट. क्लाउसनं लगेच आभार मानले. नेडचं काहीच आलं नाही. सह्यांचे कागद देशोदेशी फिरून आले, त्यावर नेडची सही होती, सोबत शब्द नव्हता. संस्था उभी राहिली, आणि शंभूराज रोज संध्याकाळी इंटरनेटवरची पत्रपेटी उघडून हिरमुसला होऊन घरी येऊ लागला. एक चांगला माणूस आपण घालवला, असं त्याला वाटत राहिलं.

दिवाळीच्या तोंडावर पोस्टमन एक पार्सल घेऊन आला. नाव म्हाळसाबाईंचं, तिकिटं अमेरिकेची. आत साखरेचा पुडा आणि नेडची चिठ्ठी. शंभूराजनं ती आईला वाचून दाखवली: "सभासदाची साखर. यंदा मी हरलो, पुढच्या सभेला बघून घेईन. तुमचा मुलगा तोंडावर बोलला, म्हणून मी सही केली."

त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. म्हाळसाबाईंनी चिमूटभर साखर जिभेवर टाकली. "लईच बारीक हाय. आपली बरी," असा निकाल देऊन त्यांनी त्याच पुड्यातल्या साखरेचा सगळ्यांना चहा केला.

"कसा झालाय च्या?" त्यांनी विचारलं.

शंभूराजनं डोळे पुसले.

"लई गोड झालाय, आये," तो म्हणाला. "मला न्हाय आवडला."

आणि त्यानं अजून एक कप मागितला.