एका बंदाचं टोपडं

बाळ यायच्या आधी बाळाचं काहीही घरात आणायचं नाही, हा आमच्या सासूबाईंचा कायदा होता. दुपटं नाही, लंगोट नाही, साधी सेफ्टी पिनसुद्धा नाही. मी त्यांना आत्याबाई म्हणते, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. मी बदनापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. दिवसभर पोरांना अंधश्रद्धा कशी वाईट ते सांगायचं, आणि संध्याकाळी जालन्याला घरी येऊन स्वतःच्या पोटातल्या पोराबद्दल ब्रसुद्धा काढायची चोरी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा मी ऐकवलंच, की लग्नाचा बस्ता सहा महिने आधी बांधतो, तेव्हा नवरदेवाला काही होतं का? त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी," एवढं म्हणाल्या आणि भाकरीचं पीठ मळायला लागल्या.

माझा सातवा महिना सरत आला आणि जालन्यात एका मंगल कार्यालयात बाळाच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. मी घरी जाहीर केलं, की मी जाणार, नुसतं बघायला. नवरा बियाण्यांच्या कंपनीत आहे, तिथं शंभर शेतकऱ्यांना गप्प करतो, पण आई आणि बायको समोरासमोर आल्या की याला पेपरात तोंड घालायला फार आवडतं. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "मी बी येते." आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. तिघंही निघालो. त्या का येताहेत ते कार्यालयाच्या फाटकात कळलं. माझी पर्स त्यांनी मागून घेतली आणि काखेत दाबून धरली. आता बघा म्हणावं, किती बघायचं ते.

आत गेलो तर जत्राच. आपोआप हलणारा पाळणा, दूध गरम करायचं यंत्र, छत्रीची बाबागाडी, बाळ रडलं की मोबाइलवर वाजणारी घंटी. पाळण्यापुढं आत्याबाई बराच वेळ उभ्या राहिल्या आणि विकणाऱ्याला त्यांनी विचारलं, की हे सगळं यंत्रच करून राह्यलं, तर मंग मायनं काय करायचं? तो बिचारा हसला फक्त. बाबागाडीवाल्याला त्यांनी ही गाडी आमच्या मस्तगडच्या गल्लीतून एकदा नेऊन दाखव म्हणून सांगितलं. मला राग येत होता आणि हसूही. पण खरं सांगते, तिथं माझा फायदा झाला. बाळंतपण झालेल्या दोन-चार बायका भेटल्या, त्यांनी यातल्या अर्ध्या वस्तू लागतच नाहीत आणि दवाखान्यात जाताना पिशवीत काय न्यायचं, ते सांगितलं. एवढ्यासाठी गेले असते तरी चाललं असतं.

अगदी कोपऱ्यात एक टेबल होतं. तिथं विकायला काही नव्हतं, म्हणून गर्दीही नव्हती. एक वयस्क नर्सबाई हातात बाहुली घेऊन चार बायकांना काही दाखवत होत्या. दिवस भरायच्या आधी आलेलं, कमी वजनाचं बाळ कसं सांभाळायचं, ते. डॉक्टरांनी बाळ ठीक आहे म्हटलं, की त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, अंगाला अंग लावून. डोक्यावर टोपडं, खाली लंगोट, बाकी काही नाही, आणि वरून कापड बांधायचं. आईच्या अंगाची ऊब शेगडीला येत नाही, असं त्या म्हणाल्या. आत्याबाई सगळ्यात पुढं हाताची घडी घालून उभ्या होत्या, म्हणून नर्सबाईंनी बाहुली त्यांच्याच हातात दिली. आत रेती भरून तिचं वजन केलेलं होतं. सातव्या महिन्यात आलेलं बाळ हाताला एवढंच लागतं, त्या म्हणाल्या.

आता इथं काहीतरी टोमणा येणार म्हणून मी कान टवकारले. आला नाही. आत्याबाईंचा एक हात आपोआप बाहुलीच्या मानेखाली गेला. काखेतली माझी पर्स खाली पडली, ती त्यांना कळलीसुद्धा नाही. चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं चक्कर आली, मी खुर्ची ओढली. त्या बसल्या.

"एवढीच व्हती," त्या म्हणाल्या.

नवऱ्याला वाटलं, त्याच्याबद्दलच बोलताहेत. मी एवढा बारीक होतो का, असं तो हसत हसत म्हणाला.

"तू न्हाई. तुह्या आधीची."

माझ्या पायाखालची जमीन सरकली, तर त्याचं काय झालं असेल? पस्तीस वर्षं हा माणूस स्वतःला घरातला थोरला समजत होता.

मग त्या प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर ती रेतीची बाहुली घेऊन, त्यांनी सगळं सांगितलं. आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. अंबडच्या बाजूला सासर. पहिलटकरीण, हौस दांडगी. कुणाला न सांगता हिरव्या कापडाचं टोपडं शिवून ट्रंकेत ठेवलेलं. सातव्यातच पोट दुखायला लागलं आणि भर थंडीत मुलगी झाली. जीव लहान, हाताळू नका, असं मोठ्या बायका म्हणाल्या आणि पोरीला कापसात गुंडाळून शेगडीजवळ सुपात ठेवलं. यांना दूर बाजेवर निजवलं. यांनी दोनदा पोरगी मागितली, तर त्या बायका ओरडल्या. तिसऱ्या दिवशी पोरगी गेली. ट्रंक उघडल्यावर ते टोपडं सापडलं, आणि सगळ्यांना कारणही सापडलं. आधी शिवलं म्हणून गेली. टोपडं पोरीबरोबरच पुरलं आणि घरात त्या पोरीचं नाव निघायचं बंद झालं.

आणि मी या बाईला नवरदेवाचा दाखला दिला होता.

बोलून झाल्यावर त्यांनी नर्सबाईंना विचारलं, "बाई, आधी शिवलेल्या कपड्यानं काई होतं का?"

नर्सबाईंना घाई नव्हती. त्या समोर बसल्या. "कपड्यानं कुणी जात नाही, मावशी. थंडीनं गेली असेल. लहान होती."

आत्याबाईंनी मान हलवली. मला वाटलं, आता यांना मोकळं वाटेल. कुठलं काय. त्या बाहुलीकडे बघत म्हणाल्या, "मंग मह्या हातात द्यायची व्हती."

येताना पर्स मी उचलली आणि रिक्षात बसेपर्यंत नवऱ्यानं आईचा हात सोडला नाही.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, मी बाहेर आले तर आत्याबाई दाराशी उजेडात बसून शिवत होत्या. माझी जुनी मऊ सुती साडी फाडलेली. मांडीवर लहानसं टोपडं. सगळ्या गल्लीला दिसेल असं, अगदी उंबऱ्यात. त्यांनी विचारलं, की बंद दोन बोटं ठेवू का तीन? मी तीन म्हणाले. एक बंद लावून झाला, दुसऱ्यासाठी त्यांनी दोरा ओवला, आणि माझ्या पायावरून पाणी वाहिलं.

अजून आठवा सरला नव्हता. त्या क्षणी मला काय वाटलं, ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी टोपड्याकडे पाहिलं आणि मनात म्हणाले, आधी शिवलं म्हणून. मी! पोरांना विज्ञान शिकवणारी! मान वर केली तर आत्याबाईही टोपड्याकडेच बघत होत्या. आता ही बाई ते फाडून टाकणार, असं मला वाटलं, आणि देवाशपथ, फाडलं असतं तर मी अडवलं नसतं. त्यांनी दातानं दोरा तोडला, टोपडं कमरेच्या पिशवीत खुपसलं आणि म्हणाल्या, "चल."

माझं ऑपरेशन झालं. मुलगी झाली. पुढचं मला नवऱ्यानं सांगितलं. पोरीला आधी काचेच्या पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी नर्स बाहेर आली. बाळ श्वास नीट घेतंय, पण आईला ताप आहे, तेव्हा घरातल्या कुणीतरी बाळाला छातीवर घ्यायचं, असं ती म्हणाली. बाळाला टोपडं आणलंय का, असंही तिनं विचारलं. नवऱ्यानं पिशवी उलटी केली. त्यात माझा गाऊन, फायली, थर्मास. बाळाची चिंधीसुद्धा नाही. प्रदर्शनातल्या बायकांनी पढवलेलं मी घरी आल्यावर कायद्यापायी गिळून टाकलं होतं. एक चुलतसासू आल्या होत्या, त्या म्हणाल्या, एवढ्याशा जिवाला हाताळू नका, गुंडाळून ठेवा. आत्याबाईंनी कमरेच्या पिशवीतून एका बंदाचं टोपडं काढून नर्सला दिलं. मग, ज्या बाईचा डोक्यावरचा पदर मी कधी ढळलेला पाहिला नव्हता, तिनं त्या वॉर्डात हात धुतले, चोळीच्या गाठी सोडल्या आणि पोरीला छातीवर घेतलं. दुपारपासून दिवे लागेपर्यंत उठल्या नाहीत. पाणीसुद्धा नवऱ्यानं पाजलं.

माझा ताप उतरला त्या सकाळी त्या माझ्या खाटेशी आल्या. मला भीती वाटत होती. हातात जोर नव्हता. माझ्या हातून पडेल, तुमच्याकडेच राहू द्या, मी म्हणाले. आत्याबाईंनी ऐकलं नाही. माझ्या गाऊनची बटणं त्यांनीच सोडली, पोरीला माझ्या छातीवर ठेवलं आणि माझे दोन्ही हात उचलून तिच्या पाठीवर नेऊन दाबले.

"धर," त्या म्हणाल्या. "मागावं बी लागू नये मायला."