जाड ऑइल मी दिलं नाही

"अक्का, सगळ्यात जाड ऑइल काढा. आणि लवकर!"

प्रकाश पायरीवरूनच ओरडला. पिकअप रस्त्याच्या कडेला धडधडत उभी होती.

"काय झालं?"

"ऑइलचा लाल दिवा. गाडी उभी राहिली की लुकलुकतो. रेस दिली की जातो."

"मग चालू कशाला ठेवलीस? बंद कर आधी."

पारोळ्यात धुळे रस्त्याला माझं ऑइल आणि फिल्टरचं दुकान आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण या काउंटरवर माझं अर्धं आयुष्य गेलं. प्रकाश आसपासच्या खेड्यांतून दूध गोळा करतो आणि धुळ्याच्या चिलिंग सेंटरला पोचवतो. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. पिकअप जुनी, सेकंडहँड घेतलेली.

तो लाल दिवा म्हणजे ऑइलचं प्रेशर कमी पडतंय. इंजिनच्या तळाशी ऑइल साठलेलं असतं. पंप ते ओढून वरपर्यंत दाबानं पाठवतो. दाब कमी झाला की लोखंडावर लोखंड घासतं. मग इंजिन बसायला वेळ लागत नाही.

"ड्रायव्हर लोक म्हणतात, 20W-50 टाक, दिवा जातो," प्रकाश म्हणाला.

"दिवा जातो, हे खरं आहे. गाडी विकायची असली की लोक तेच करतात. तुला विकायची आहे का?"

"विकून खाऊ काय? अक्का, मला संध्याकाळचं दूध उचलायचंय. मागच्या आठवड्यात एकदा उशीर झाला, तर सेंटरवाल्यानं तोंडावर सांगितलं, आता एक नागा झाला की रूट दुसऱ्याला. दुसरा टपूनच बसलाय. गाडी रिकामी घेऊन उभा राहतो मेला."

मे महिना होता. त्या उन्हात कॅनमधलं दूध थांबत नाही, आणि गवळीही थांबत नाहीत. त्याची घाई खोटी नव्हती. पण जाड ऑइलनं फक्त दिवा गप्प झाला असता. कारण तसंच राहिलं असतं.

"मी देणार नाही," मी म्हणाले.

"मग समोरच्या दुकानातून घेतो."

"घे. त्यांच्याकडे आहे. रस्त्यात इंजिन जाम झालं की त्यांनाच फोन कर."

तो दोन पावलं गेला आणि परत आला. "काय करू मग?"

"बॉनेट उघड."

मी डिपस्टिक काढली. लेव्हल बरोबर होती. ऑइल दोन बोटांत चोळून पाहिलं. पातळ लागलं. मला वाटलं, डिझेल गळून ऑइलमध्ये मिसळतंय. जुन्या गाडीत तसं होतं. पण मग लेव्हल वाढते आणि वास येतो. लेव्हल वाढलेली नव्हती, आणि वासही नव्हता. म्हणजे माझा अंदाज चुकला.

शेजारच्या गॅरेजमधून रफिकभाईंना बोलावलं. त्यांनी प्रेशरचा स्विच काढून तिथं गेज जोडला. दिव्याचा स्विच कधी खोटं बोलतो, काट्याचा गेज सहसा बोलत नाही. इंजिन गरमच होतं. आयडलला, म्हणजे रेस न देता, काटा पार तळाशी आला.

"बेअरिंग गया, अक्का," रफिकभाई म्हणाले. "इंजिन उतरवावं लागेल. चार-पाच दिवस धरा."

प्रकाश पायरीवर बसला. "चार दिवसांत रूट गेला समजा. जाड टाका हो काहीतरी, पाया पडतो."

"पाया नंतर पड. दिवा कधीपासून लागतोय?"

"आठ-दहा दिवस."

"त्याआधी?"

"कधीच नाही."

"ऑइल कधी बदललंस?"

"त्याच्या थोडं आधी. नानाच्या खळ्यात. घरच्या घरीच बदललं."

हे मला खटकलं. बेअरिंग झिजतं, पण ते हळूहळू. पहिल्यांदा फार गरम झाल्यावर दिवा लागतो, मग महिन्यांनी जास्त. ऑइल बदललं आणि लगेच दिवा सुरू झाला, तर आधी ऑइलकडे बघायचं. इंजिन आठ दिवसांत म्हातारं होत नाही.

"कुठलं टाकलं?"

"तुमच्या दुकानातलंच. 15W-40. नानाकडे बादली होती, नाव वाचून टाकलं. मला काय वाचता येत नाही का?"

"सील तूच तोडलं?"

"सील नव्हतं. अर्धी बादली होती."

"नानाला फोन लाव. स्पीकरवर ठेव."

नाना म्हणजे त्याचा थोरला भाऊ. शेती बघतो, ट्रॅक्टर आहे. प्रकाशनं बादलीचं विचारलं, तर पलीकडून ओरडाच आला.

"ते इंजिननं तेल नई शे रे! ट्रॅक्टरना ब्रेकनं शे. ती बादली फुटी गयी, म्हणून जुनी बादलीमा वती दिनं. बठ्ठं वतं का तू?"

"नाना, बादलीवर इंजिन ऑइल लिखेल शे!"

"बादलीवर काय बी लिखेल ऱ्हास! माले इचारानं नई का?"

प्रकाशनं फोन ठेवला. म्हणजे नानानं ट्रॅक्टरचं ब्रेक ऑइल माझ्या दुकानातल्या जुन्या बादलीत ओतून ठेवलं होतं, आणि यानं ते सगळं इंजिनात टाकलं. रफिकभाई हसू दाबत गेजकडे बघत राहिले.

ट्रॅक्टरच्या ब्रेक आणि गिअरचं ऑइल वेगळं असतं. खराब नसतं, पण त्याचं काम वेगळं. गरम झाल्यावर ते इंजिन ऑइलपेक्षा पातळ पडतं, आणि डिझेलची काजळी धरून ठेवायला ते बनवलेलंच नसतं. माझ्या बोटांना पातळ लागलं ते त्यामुळे.

"तरी बेअरिंग घासलं असणार," रफिकभाई म्हणाले.

"असेल. ऑइल बदलून गेज बघू. काटा वर आला नाही, तर मीच म्हणेन इंजिन उतरवा."

ऑइल काढलं, फिल्टर बदलला. आधी साधं 15W-40 भरलं, गाडी थोडा वेळ आयडलला चालवली आणि ते ऑइलही काढून टाकलं. आत राहिलेलं ब्रेक ऑइल निघावं म्हणून.

"नवं कोरं ऑइल फेकायचं?" प्रकाश कळवळला.

"फेकायचं."

दुसऱ्यांदा भरताना तो पुन्हा सुरू झाला. "आता तरी जाड टाका. घासलंच असेल तर आधार होईल."

"ऐक. डब्यावर दोन आकडे असतात. W च्या आधीचा थंड इंजिनसाठी, नंतरचा गरम इंजिनसाठी. आकडा मोठा तितकं ऑइल जाड. पहाटे तू स्टार्टर मारतोस तेव्हा ऑइल वरपर्यंत झटकन पोचायला हवं. जाड ऑइल रेंगाळतं, तेवढा वेळ वरचे पार्ट कोरडे फिरतात. तुझ्या इंजिनला कंपनीनं 15W-40 सांगितलंय. आपल्या उन्हाळ्यालाही ते पुरतं. गाडी जुनी झाली म्हणून आकडा बदलत नाही."

"आणि दिवा लागला तर?"

"तर गाडी इथून हलणार नाही. दुसऱ्याचा टेम्पो भाड्यानं घे आणि दूध उचल."

भाड्याचा टेम्पो म्हणजे त्या टपून बसलेल्याचाच टेम्पो, हे मलाही माहीत होतं.

पुन्हा नवा फिल्टर, नवं ऑइल. रफिकभाईंनी धुळे रस्त्यावर चक्कर मारून इंजिन चांगलं तापवलं आणि गाडी दारात आणली. आयडलला सोडली. तिघंही काट्याकडे बघत होतो. काटा खाली आला, आणि मधल्या रेघेच्या किंचित खाली थांबला. तिथून हलला नाही. रफिकभाईंनी लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून ऐकलं.

"खडखड नाही. चालेल. पण रेस कमी, लोड कमी. आणि पंधरा दिवसांत खालचं ऑइलचं पॅन खोलून बघायचं."

प्रकाश तसाच सुटला. गेज आम्ही काढलाच नाही, केबिनपर्यंत पाइप घेऊन बांधून दिला. त्यानं शेवटच्या दोन गावांना उशीर केला, गवळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण दूध सेंटरला चांगलं पोचलं. रूट त्याचाच राहिला.

पंधरा दिवसांनी रफिकभाईंनी खालचं पॅन खोललं. बेअरिंगवर ओरखडे होते. एका दुपारी, दोन फेऱ्यांच्या मधे, नवीन बेअरिंग बसवली. इंजिन उतरवावं लागलं नाही. जाड ऑइल टाकून दिवा घालवला असता, तर हे ओरखडे कुणी बघितले नसते. प्रकाश गाडी हाणत राहिला असता, आणि मग क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडाच गेला असता.

ऑइलच्या रिकाम्या बादल्यांना आमच्याकडे फार मागणी. पाण्याला, ढेपेला, न्हाणीत, सगळीकडे त्याच. मी आता त्या देताना नाव पत्र्यानं खरवडून काढते. लोक कुरकुर करतात.

परवा एक बाई म्हणाली, "अक्का, नाव होतं तेच बरं दिसत होतं."

"बादली घ्या, नाहीतर ठेवा," मी म्हणाले.

तिनं घेतली. आणि ऑइल घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारते: आत्ता इंजिनमध्ये काय आहे, आणि ते कुणी टाकलं? अर्ध्या लोकांना सांगता येत नाही. त्यांना मी ऑइल देण्याआधी बॉनेट उघडायला लावते.