क पासून सुरू होणारं नाव

शिंपीमास्तरांचं एका अक्षराशी हाडवैर होतं, आणि ते अक्षर म्हणजे क. बाकीची बाराखडी सुरळीत चालायची. पण शब्दाच्या तोंडाशी क आला, की जीभ अडून बसायची. तरुणपणी असं झालं की समोरचा माणूस घाईघाईने उरलेला शब्द पुरवायचा, तोही बहुतेक वेळा चुकीचा. ते मास्तरांना फार लागायचं.

मग त्यांनी आडवाटा शोधल्या. कात्रीला ते 'हत्यार' म्हणत, कंबरेला 'मधलं माप', कॉलरला 'गळपट्टी'. गिऱ्हाइकांना वाटे, किती जुन्या वळणाचा माणूस! आता काय, कधी, कुठे, कोण हे सगळे मेले क चेच. त्यामुळे मास्तर कोणाला काही विचारतच नसत, आणि माणूस अजिबात भोचक नाही अशी त्यांची गल्लीभर ख्याती झाली. पंचाईत झाली ती एकदाच. एका कोटाचा घेर 'कमी कर' असं मशीनवरच्या कारागिराला सांगायचं होतं, गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं आणि शब्द काही फुटेना. शेवटी "असू दे" म्हणून मोकळे झाले. कोट झाला पोत्यासारखा. पुढे गिऱ्हाईकच अंगाने सुटलं म्हणून निभावलं.

हे सगळं ठाऊक होतं फक्त मास्तरीणबाईंना. मुलाला, सुनेला आणि आठ वर्षांच्या नातीला एवढंच माहीत, की आजोबा मोजकं बोलतात.

अशा या घरात एका शनिवारी सुनेने पांढरंशुभ्र, गुबगुबीत पिल्लू आणलं. सोमवारपासून मुलगा-सून कामावर आणि नात शाळेत, म्हणजे पिल्लू दिवसभर खाली दुकानात मास्तरांपाशीच राहणार होतं. त्याला हाका मारायच्या त्या मास्तरांनीच. तेव्हा नाव ठेवायचा विषय निघाला, आणि मास्तर कान टवकारून बसले.

भांडण नको म्हणून चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. खाली दुकानात बसून बटणांचा डबा रिकामा केला. मास्तरीणबाईंनी 'मोती' लिहिलं, मुलाने 'शेरू', सुनेने 'बिस्किट'. नातीने हाताचा आडोसा करून लिहिलं. आयुष्यात गिऱ्हाइकाचा वीतभर कापड न चोरलेल्या मास्तरांनी मात्र गुपचूप दोन चिठ्ठ्या टाकल्या, आणि दोन्हींवर 'मोती' लिहिलं.

चिठ्ठी उचलायचा मान घरात वडीलधारे म्हणून त्यांनाच मिळाला. त्यांनी घडी उलगडली. आत वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कापूस'.

'मोती' म्हणून ठोकून दिलं असतं, तर तपासायला कोण येणार होतं? तो शब्द ओठांवर आलाही. पण समोर नात श्वास रोखून उभी होती.

"चष्मा वर राहिला," असं म्हणत त्यांनी चिठ्ठी तिच्याच हातात दिली. तिने वाचली आणि अशी किंचाळली, की पिल्लू टेबलाखाली पळालं.

मास्तरीणबाई जवळ सरकल्या. "अहो, बदलूया का? मी घालते तिची समजूत."

"राहू दे," मास्तर म्हणाले. "तिने हौसेने ठेवलंय गं."

रविवारभर नातीने पिल्लाच्या मागे लागून त्याला नाव शिकवलं. संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्या कुठल्याही हाकेला भीक घालेनासं झालं.

सोमवारी दुपारी मास्तर नातीच्या शाळेतल्या हेडमास्तरांच्या कोटाला बटणं लावत होते. तेवढ्यात कोटाची कच्ची टाचलेली बाही उचकटून घेऊन पिल्लू दाराबाहेर सुसाट! मास्तर गळ्यातल्या टेपसकट मागे धावले. पिल्लू रस्त्याच्या मधोमध बसून बाही झटकत होतं.

"ए पिल्ल्या! इकडे ये! चल बाळा, चल!"

पिल्लाने ढुंकूनही पाहिलं नाही. वळणावर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"क…" त्यांची मान ताठरली, चेहरा लालबुंद झाला. "क… क…"

समोरचा सायकल दुरुस्तीवाला हातातला पंप टाकून उठला. "काय झालं मास्तर? कात्री? कापड? कुलूप हवंय का?"

पिल्लू मात्र पहिल्याच क ला वळलं होतं. बाही तोंडात धरून ते कान उडवत धावत सुटलं आणि मास्तरांच्या पायांवर येऊन आदळलं. मागून टेम्पो निघून गेला.

"अहो, कुलूप का?" सायकलवाल्याचं चालूच होतं. मास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते दुकानाच्या पायरीवर बसले आणि पिल्लाला मांडीवर घेतलं. हाक मारायची आता काही गरज नव्हती, घाई तर नव्हतीच.

"क… क… का…"

पिल्लू मान वाकडी करून ऐकत राहिलं.

"…पूस," मास्तरांनी भर गल्लीत नाव पुरं केलं. आणि त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी लगेच आणखी एकदा हाक मारली.