हलिमाच्या मापाचे मोजे

बायकांच्या नखांवर एखाद्या पोरीचं पोट भरू शकतं, यावर सिद्राच्या मामूंचा अजूनही विश्वास नाही. "नखं वाढली की कापायची, त्यात धंदा कसला?" एवढंच त्यांचं म्हणणं. पण कर्जत-खालापुरात शेतं विकली गेली, त्यावर फार्महाउसं उभी राहिली, फार्महाउसांवर मुंबईची लग्नं येऊ लागली, आणि लग्नं आली की नवऱ्या आल्याच. भिसेगावच्या रस्त्याला सिद्राचं दुकान एवढंसं आहे, दोन खुर्च्या आणि एक पंखा. तरी दिवाळीनंतर तिला धड जेवायला सवड मिळत नाही.

तिच्या टेबलावर एक पांढरी पेटी असते. नखावर जेलचा थर द्यायचा, हात पेटीत घालायचा, आतल्या निळसर उजेडानं थर पक्का होतो. मग दुसरा थर, पुन्हा पेटी.

हलिमा तिची शाळेपासूनची मैत्रीण. लग्न होऊन जमालच्या घरी लोधिवलीला गेली आणि घरच्या घरी बुरखे शिवायला लागली. पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा ती त्या पेटीत वाकूनच बघायला लागली.

"ह्यो उजेड कसला गं?"

"उन्हात जो डोळ्यांना दिसत नाय ना, तसलाच. थोडाच असतो."

"थोडा असला तरी दर खेपेला हायच ना? तू स्कूटीवर निघालीस की तोंडाला ओढणी नि कोपरापर्यंत मोजे. गिऱ्हाइकाचे हात मात्र खुशाल भट्टीत?"

सिद्राला राग आला, कारण बोलणं खरं होतं. तिनं उन्हाचं क्रीम लावून बघितलं होतं, पण ते जरा नखाला लागलं की जेल सुटून यायचं. मग हलिमानंच बुरख्यांच्या उरलेल्या काळ्या कापडाचे मोजे शिवून आणले, फक्त नखांपुरती बोटं उघडी ठेवलेले. कापड ती आधी खिडकीसमोर धरायची, आणि पलीकडचे गज दिसले की तो तुकडा बाजूला टाकायची. नवऱ्या आधी नाकं मुरडत, मग त्याच मोज्यांचे फोटो काढत. "नखं तुझी, हात माझे," असं हलिमा सिद्राला ऐकवायची.

स्वतःची नखं तिनं कधी रंगवली नव्हती. पाच वेळची नमाज होती ना. नखावर थर असला की पाणी खाली पोचत नाही, आणि मग वजू, नमाजेआधीचं हातपाय धुणं, पुरं होत नाही. पण धाकट्या भावाचं, झुहेबचं लग्न आलं, आणि बाईला ज्या दिवसांत नमाज माफ असते ते दिवसही नेमके तेव्हाच आले. सिद्रानं हट्ट धरला. एकदा तरी लाव म्हणाली. डाळिंबी रंग काढला, मोजे चढवले, तर ते हलिमाच्या हातात ढगळ. तिचे हात शाळकरी पोरीसारखे बारीक होते.

"जगाचे शिवले, माझंच माप घेतलं नाय," हलिमा हसत म्हणाली. "आणि हे निघायचं कसं?"

"तू हात लावायचा नाय. खरवडलंस तर नख जाईल. मीच काढून देईन."

लग्न झालं, वलीम्याचं जेवण झालं. मग एका दुपारी हलिमाचा फोन आला. आज रंग काढून दे, न्हाऊन नमाजेला बसायचंय. सिद्रा एका फार्महाउसवर नवरीचा हात हातात घेऊन बसलेली होती.

"उद्या सकाळी येते गं."

"उद्या कशाला? जमालला घेऊन मीच येते. नवे मोजे पन द्यायचेत."

चौक गावाच्या अलीकडे, जुन्या हायवेवर, मागून टेंपोनं त्यांच्या मोटारसायकलला उडवलं. जमालचा हात मोडला. हलिमा जागीच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मय्यत घरी आणली. तिथून सिद्राला फोन आला तो खैरून चाचींचा. गावात बायकांना शेवटची आंघोळ, गुस्ल घालण्याचं काम त्या करतात.

"रंग काढायचं बाटलीतलं लावून बघितलं, निघत नाय. नखाला पानी लागल्याबिगर गुस्ल व्हायचा नाय. तूच लावलंस ना पोरी? ये."

सिद्रा आपली पिशवी घेऊन गेली. खोलीत कापूर होता, पाण्यात बोरीचा पाला टाकलेला होता. तिनं कापूस औषधात भिजवला, एकेका नखावर ठेवला, वरून चांदीचा कागद गुंडाळला. गिऱ्हाइकाचं एवढ्यात सुटतं, कारण हाताला ऊब असते. हे हात गार होते. जेल हलेना.

"मर्द थांबलेत बाय. दुपारच्या, जोहरच्या नमाजेनंतर जनाजा उचलायचाय," चाची हळूच म्हणाल्या. "सुरीनं काढू का?"

"नको चाची. नख जाईल. मी सांगितलंय तिला."

तिनं हलिमाचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरला आणि चोळत राहिली, तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकत राहिली. एक हात, मग दुसरा. हातांना साधं खरचटलंही नव्हतं. कुठे डाग नव्हता. त्या पेटीतल्या एवढ्याशा उजेडाला दोघी घाबरल्या होत्या, आणि ते हात जपले तरी गेले होते. सिद्राला स्वतःचा, पेटीचा, फार्महाउसवरच्या त्या नवरीचासुद्धा संताप आला. आपण काल उठून आलो असतो तर, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

हळूहळू जेल सुटायला लागलं. लाकडी काडीनं ती एकेक पापुद्रा उचलत गेली. उजव्या अंगठ्यावरचं मात्र चिकटून बसलं होतं. तिनं काडी जरा दाबली आणि रोजच्या सवयीनं विचारलं, "दुखतंय का गं?"

खैरून चाची पाण्याच्या पातेल्याकडे वळल्या. सिद्रानं बाहीनं डोळे पुसले आणि अंगठा मोकळा केला.

बाहेर जमाल गळ्यात हात बांधून बसला होता.

"सगळं निघालं?"

"निघालं भाऊ."

त्यानं मान हलवली. मग खुर्चीखालची कापडी पिशवी पायानं पुढे सरकवली. "तुझ्याकडंच आणत होती," तो म्हणाला.

दुकान पुन्हा उघडलं त्याला आता बरेच दिवस झाले. परवा एका नवरीनं पिशवीतल्या मोज्यांतून स्वतःच एक जोड उचलला आणि हातात घालायला लागली. तो बोटांच्या सांध्यापाशीच अडकला.

"हे फारच घट्ट आहेत हो. कुणाच्या मापाचे?"

सिद्रानं तो जोड तिच्या हातातून काढून घेतला, नीट घडी घातली आणि तिच्यापुढे दुसरा ठेवला.

"ते एकीचे आहेत," ती म्हणाली. "राहू देत."