काकांच्या चपला

रविवारी सकाळी रामदासपेठेतल्या चहाच्या टपरीवर आम्ही गाडीवेडे जमतो. तिथे शेवटचा शब्द काकांचा. कोणाचीही नवी गाडी आली की काका चपलांसकट मागच्या सीटवर बसतात, पाय लांब करून पाहतात आणि म्हणतात, "डब्बा आहे गा."

माझ्या नव्या सेडानची पुढची जाळी, आतला स्क्रीन, सगळ्यालाच मित्रांनी नावं ठेवली होती. काकांनी दार उघडलं तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. ते थबकले.

"काहून थांबले काका?"

"पाहून राहिलो ना गा."

मग त्यांनी चपला काढल्या आणि अलगद आत बसले. तेव्हा कुठे मी चहाचा घोट घेतला.

"चाल, सावनेरपर्यंत जाऊन येऊ," काका आतूनच म्हणाले.

सावनेर जवळ आलं तेव्हा मला आठवलं, चपला टपरीसमोरच राहिल्या.

"राहू दे गा," काका म्हणाले, "गाडी नको थांबवू."