आयसीयूतली सामूहिक कॉपी

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी नाशिकच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होते. दर आठवड्याला आयसीयूतल्या रुग्णांच्या गुदद्वारातून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा आणि आतड्यातले जंतू कुठल्या औषधांना भीक घालत नाहीत ते पाहायचं, हे माझं काम.

सटाण्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक तिथे बराच काळ मुक्कामाला होते. आतड्याचं ऑपरेशन, मग न्यूमोनिया, त्यावर एकामागून एक अँटिबायोटिक. आता सावरत होते. मला पाहिलं की म्हणायचे, "आल्या तपासनीस!"

"सर, कुशीवर वळा."

प्रयोगशाळेत बशीत जंतू वाढवायचे, त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवायच्या. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. सरांची वर्तुळं आठवड्यागणिक आकसली. शेवटी एकाच टिकलीभोवती वर्तुळ उरलं.

त्यांचा मुलगा कांद्याचा व्यापारी. त्याने डॉक्टरांच्या मागे लकडा लावला आणि मलाही खाटेपाशी गाठलं. "ताई, ते उरलेलं भारीतलं औषध आजच सुरू करा."

"ताप आहे का त्यांना? जंतू आतड्यात नुसते राहताहेत."

"मग फुकट कशाला राहू द्यायचे?"

मी सरळ रुग्णाकडेच वळले. "सर, औषधाने साधे जंतू मरतात, निगरगट्ट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. वर ते शेजारच्या जंतूंना युक्ती पुरवतात. दहावीच्या परीक्षेत चिठ्ठी फिरते तशी."

सरांचे डोळे चमकले. "म्हणजे माझ्या पोटात कॉपीचं केंद्र चाललंय!" मग मुलाला म्हणाले, "वर्ग गप्प आहे तोवर छडी काढायची नाही. शेवटच्या छडीचीही सवय झाली की मास्तर संपला."

"पण आबा..."

"तू बोलूच नको. तू गणितात कसा सुटला, मला ठाऊक शे."

औषध राखून ठेवलं. पुढच्याच आठवड्यात सरांना हुडहुडी भरून ताप आला. रक्तात तोच जंतू सापडला. मी घाईघाईने बशी उजेडात धरली. त्या एका टिकलीचं वर्तुळ शाबूत होतं. औषध सुरू झालं, ताप उतरला.

घरी निघताना मुलगा डॉक्टरांना ऐकवत होता, "बघा, मी हेच औषध सांगत होतो. उगाच आठवडा घालवला तुम्ही."

डॉक्टरांनी तोंड उघडलं, तेवढ्यात व्हीलचेअरवरून सर म्हणाले, "गाडी काढ आधी."