देवालाही लागू असलेला नियम

अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात गणपतीला हॉल मिळेना, म्हणून मी एका जुन्या लाकडी सभागृहाचं दार ठोठावलं. ऐंशीच्या घरातल्या एका जर्मन वंशाच्या बाई किल्ल्यांचा जुडगा राजदंडासारखा धरून दारात उभ्या राहिल्या.

"हे देव न मानणाऱ्यांचं सभागृह आहे. माझे पणजोबा जंगल तोडून इथे वसले, तेव्हा घराआधी त्यांनी हे बांधलं. इथे आजवर प्रार्थना झालेली नाही."

मी गयावया केली. किल्ल्या खुळखुळल्या. "बसू दे तुमचा देव मंचावर. पण आमचा नियम आहे, भाषणानंतर श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. उत्तर पटलं, तर पुढच्या वर्षीही हॉल तुमचा."

आरती संपली आणि पहिल्या रांगेतून त्यांचा हात वर झाला. "उद्या याला पाण्यात सोडणार, तर आज इतकं नटवलं कशाला?"

आमची कमिटी छताकडे बघू लागली. शेवटी कुलकर्णीकाकूंनी मोदकांची ताटली पुढे केली. "पाहुणा उद्या जाणार म्हणून आज त्याला उपाशी ठेवता का हो तुम्ही?"

बाईंनी विचार करत करत मोदक संपवला. "देव पटला नाही. उत्तर पटलं. पुढच्या वर्षी प्रश्न अवघड असेल."

हल्ली आमच्याकडे आरतीआधी महिनाभर उत्तरांची तालीम चालते.